सायकलला मोटर जरूर, पण बॅटरी कुणाची?

छपन्न वर्षांच्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. राहायला धायरी, काम अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंगच्या दुकानात. नऊ वर्षांपासून मधुमेह, वजन चौऱ्याऐंशी किलो, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. दर तीन महिन्यांनी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहून गोळ्या घेतात आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य ऐकून येतात, ‘चालत जा, वजन कमी करा.’ सकाळी बसमध्ये तास-सव्वा तास, दिवसभर दुकानात उभे राहणे, परतीला पुन्हा बस. यात चालायचे कधी, हे सांगायला कुणालाच वेळ नसतो. पूर्वी हेच गृहस्थ सायकलने कामाला जात. सायकल अजून गॅलरीत आहे, तिच्यावर वाळायला कपडे टाकलेले असतात.

त्यांचा भाचा आयटीआय झालेला. त्याने सुचवले, “मामा, सायकलला मोटर बसवू. रविवारचं काम आहे. तुम्ही फक्त बसायचं.” मामांनी पुढच्या खेपेला ओपीडीत विचारले, हे चालेल का? अशा प्रश्नावर बहुतेक डॉक्टर हसतात आणि म्हणतात, ‘मोटर लावल्यावर व्यायाम कसला?’

हे उत्तर चुकीचे आहे. का, ते समजायला थोडे गणित करावे लागेल.

सत्तर किलोचा माणूस आणि पंचवीस किलोची सायकल, असे पंचाण्णव किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटर जायला साधारण साठ वॅट शक्ती लागते. सवय मोडलेला पन्नाशीतला माणूसही एवढी देऊ शकतो. आता समोर शंभर मीटरला चार मीटर चढणारा उड्डाणपूल आला. वेग दहावर आणला तरी सव्वाशे-एकशेतीस वॅट लागतात, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाला आणखी जास्त. मधुमेह असलेला, गुडघ्याने त्रासलेला माणूस सपाट रस्त्यावर हार मानत नाही. तो चढावर, उलट्या वाऱ्यात आणि सिग्नल सुटल्यावर जड सायकल पुन्हा पुन्हा हलवताना हार मानतो. दोन दिवस दम लागतो, गुडघा सुजतो आणि तिसऱ्या दिवशी सायकल पुन्हा गॅलरीत जाते. लहान मोटर नेमका हा वरचा भार उचलते. साठ-सत्तर वॅट पायांकडेच राहतात.

पेडल मारल्यावरच मदत करणाऱ्या अशा सायकलीवर शरीराला पडणारे श्रम झपाट्याने चालण्याच्या तोडीचे किंवा त्याहून थोडे जास्त असतात. युरोपातल्या सात शहरांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विजेच्या सायकली आणि साध्या सायकली चालवणाऱ्यांची आठवड्याची एकूण हालचाल जवळपास सारखी निघाली. विजेची सायकल एका किलोमीटरला कमी दमवते, पण तिचे लोक लांबवर जातात. एकूण हिशेब जुळतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. धायरी ते अप्पा बळवंत चौक हे अंतर आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन केले, तर ती मिनिटे भरून वर उरतात, तीही वेगळा वेळ न काढता. बसमध्ये जाणारा वेळच व्यायामाचा होतो.

भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये दाखवले. त्याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात निम्म्याहून अधिक लोक पुरेशी हालचालच करत नसल्याचे आढळले होते. अशा देशात ‘मोटर लावली म्हणजे फसवणूक’ असे म्हणून घरात पडून असलेली सायकल पडूनच ठेवणे हा शहाणपणा नव्हे. पुण्याला तर सायकलींचे शहर म्हणत. आता त्या सायकली भंगारात नाहीत, तर जिन्याखाली आहेत.

मात्र भाच्याचे ‘तुम्ही फक्त बसायचं’ हे वाक्य खोडायला हवे. बाजारातल्या बहुतेक किटमध्ये दोन सोयी असतात. एक पेडलजवळचा सेन्सर, जो पाय फिरताहेत हे पाहून मोटरला चालना देतो. दुसरी हँडलवरची मूठ, स्कूटरसारखी पिळायची. मूठ पिळली की पायांना सुटी. पहिल्या आठवड्यात माणूस ती फक्त चढावर वापरतो, महिन्याभरात सगळीकडे. मग ती सायकल राहत नाही, कमजोर ब्रेकची आणि हलक्या सांगाड्याची स्कूटर होते. मूठ बसवूच नये, किंवा तिची जोडणी काढून ठेवावी. अगदी सिग्नलवरून निघताना धक्का हवा म्हणून ठेवलीच, तर तेवढ्यापुरती. आणखी एक. स्वस्त सेन्सर थोडा उशिरा जागा होतो आणि पेडल थांबवल्यावरही क्षणभर मोटर चालू राहते. गर्दीत हा क्षण महागात पडू शकतो. म्हणून ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर किटमध्ये असतात, ते बसवायलाच हवेत. जुने लिव्हर ‘चांगले आहेत’ म्हणून अनेक जण हेच काम वगळतात.

सगळ्यांनी लगेच सुरुवात करावी असे नाही. छातीत दुखणे, चालताना दम लागणे, नुकतीच झालेली अँजिओप्लास्टी असेल तर आधी तपासणी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी, कारण साखर उतरल्यावर रस्त्यात चक्कर येणे घरात येण्यापेक्षा वेगळे असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर हेल्मेटला पर्याय नाही. डोक्याला लागलेला साधा मार अशा माणसाच्या मेंदूत रक्तस्राव करू शकतो. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी चपलेऐवजी बंद बूट घालावेत. गुडघ्यासाठी औषधाहून स्वस्त उपाय म्हणजे सीटची उंची. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात, त्याने प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागे दुखते. दोष सायकलला दिला जातो.

आता रविवारच्या कामाकडे. काम अवघड नाही. मागचे किंवा पुढचे चाक काढायचे, त्या जागी मधोमध मोटर असलेले चाक बसवायचे, कंट्रोलर आणि वायरी जोडायच्या, बॅटरी सांगाड्याच्या तिरक्या दांड्यावर घट्ट कसायची. हाताशी पाने असलेला माणूस ते दिवसात करतो. चुका दोन ठिकाणी होतात. मोटरचा आस फिरायला पाहतो आणि चाक ज्या खाचेत बसते ती खाच त्याला अडवते. खाच पातळ किंवा ॲल्युमिनियमची असेल तर ती फाकते आणि चाक निघते. पुढच्या चाकाच्या बाबतीत याचा अर्थ थेट तोंडावर पडणे. म्हणून मोटर शक्यतो मागे बसवावी. पुढेच बसवायची तर फोर्क लोखंडी हवा, आणि दोन्हीकडे आस धरून ठेवणारी लोखंडी पट्टी हवीच. पहिल्या आठवड्यात नट पुन्हा पुन्हा आवळून पाहावेत.

दुसरी चूक ब्रेकची. पंधराच्या वेगाने जाणारी सायकल थांबवायला जेवढी ऊर्जा शोषावी लागते, त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट पंचवीसच्या वेगाला लागते. त्यात मोटर आणि बॅटरीचे सहा-सात किलो वाढलेले. जुन्या काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक पावसात ओल्या रिमवर नुसते घसरतात, हे ज्यांनी त्या चालवल्या त्यांना सांगायला नको. अशा सायकलीला मोटर लावायची तर आधी ब्रेकचा खर्च. तो परवडत नसेल तर मोटरही परवडत नाही.

यापुढचा भाग मात्र हाडे मोडण्याचा नाही, भाजण्याचा आहे.

किटमध्ये सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि काटकसर तिथेच होते. छत्तीस व्होल्ट, दहा ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे अंगठ्याहून थोड्या मोठ्या चाळीस लिथियम सेलचा गठ्ठा. चार-चार सेलचे दहा गट एकामागे एक. सगळे सेल एकाच वयाचे आणि एकाच कुवतीचे असतील, निकेलच्या पट्ट्या यंत्राने नीट वेल्ड केलेल्या असतील आणि प्रत्येक गटावर लक्ष ठेवून वेळीच वीज तोडणारे सर्किट असेल, तर हा गठ्ठा वर्षानुवर्षे निमूट काम करतो. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून, कुवत न मोजता, साध्या कावियाने डाग देऊन, वर प्लास्टिकचे आवरण चढवून विकलेला गठ्ठाही बाहेरून तसाच दिसतो. किंमत निम्मी असते. त्यातला एखादा गट दुबळा असतो. चार्ज करताना तो इतरांच्या आधी भरतो आणि पुढे मर्यादेबाहेर भरत राहतो. शिवाय गतिरोधकांवरून आणि खड्ड्यांतून रोज हादरे. पट्टीची कड आवरणाला घासत राहते. एक दिवस आतल्या आत शॉर्ट होतो, सेल तापतो, शेजारच्याला तापवतो आणि ही साखळी एकदा सुरू झाली की स्विच बंद करून थांबत नाही.

चार्जरचा घोटाळा तर चांगल्या बॅटरीलाही घातक ठरतो. बाजारात ‘छत्तीस व्होल्ट’ या एकाच नावाखाली दोन जातींच्या बॅटऱ्या मिळतात. नेहमीच्या लिथियम-आयन गठ्ठ्याला ४२ व्होल्टचा चार्जर लागतो. लिथियम फॉस्फेटच्या गठ्ठ्याला ४३.८ व्होल्टचा. फरक दोन व्होल्टांहूनही कमी, पिन अनेकदा सारखीच. पण दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळपास ४.३८ व्होल्ट जातात, आणि मग सगळी भिस्त आतल्या सर्किटवर. ते स्वस्तातले असेल तर भिस्त कशावरच नाही. चार्जर हरवला म्हणून ‘पिन बसतेय ना’ एवढे पाहून दुसरा आणणे, ही घराघरांत होणारी चूक आहे. फॉस्फेटची बॅटरी जड असते, पण सहजासहजी पेट घेत नाही. घरी जोडणाऱ्याने शक्यतो तीच घ्यावी. ती अजिबात पेटत नाही असा मात्र समज नको.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि उपचारांदरम्यान गेला. ती बॅटरी स्कूटरची होती, सायकलची नव्हती. रसायन तेच, खोली तशीच. न्यूयॉर्कमध्ये घरोघरी खाद्यपदार्थ पोचवणारे कामगार विजेच्या सायकली वापरतात. त्या शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी शहराने दोन गोष्टी केल्या. प्रमाणित नसलेल्या विजेच्या सायकली आणि बॅटऱ्या विकायला बंदी घातली, आणि वापरलेले सेल काढून नवे गठ्ठे बांधून विकणेही बेकायदा ठरवले. लंडनचे अग्निशमन दल तर घरी बसवलेल्या किटबद्दल वारंवार इशारे देत आले आहे.

आपल्या घरांचा आराखडा पाहिला की हा प्रश्न आणखी जवळचा वाटतो. एक खोली आणि स्वयंपाकघर. प्लग दाराशेजारी, कारण सायकल तिथेच उभी राहते. रात्री चार्जिंगला लावायची, म्हणजे सकाळी तयार. आग लागली तर ती झोपेत लागते आणि बाहेर पडायच्या एकुलत्या एक वाटेवर लागते. साध्या आगीत धूर वाढायला काही मिनिटे मिळतात. इथे बॅटरीतून सुटणाऱ्या वायूंनी खोली काही क्षणांत भरते. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन फ्लोराइडही, जो फुफ्फुसांच्या आतल्या अस्तराला जाळतो. असा धूर घेतलेला माणूस सुरुवातीला ठीक दिसू शकतो. दम काही तासांनी लागतो. म्हणून ‘भाजलं नाही, नुसता धूर गेला’ म्हणून घरी थांबू नये, रुग्णालयात यावे आणि आग बॅटरीची होती हे आल्याआल्या सांगावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, अंगठ्या-बांगड्या लगेच काढणे, स्वच्छ कापड. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतले काहीही नाही. जखमेवरचा हा लेप काढताना रुग्णाला दुसऱ्यांदा यातना होतात, आणि तो लेप लावून येणाऱ्यांची संख्या आजही कमी झालेली नाही.

पेटलेली बॅटरी उचलून बाहेर फेकायला जाऊ नये. हात आणि चेहरा त्यातच भाजतात. माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे, १०१ किंवा ११२ ला फोन करावा. विझलेली बॅटरीही काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

टाळायचे कसे, हे त्या मानाने सोपे आहे. जागे असताना चार्ज करायचे. दारात, जिन्यात, पलंगाशेजारी नाही. उन्हातून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्यायची. पंचेचाळीस अंशांच्या वर चार्जिंग सेलला मानवत नाही, आणि नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच तेवढे तापमान असते. बॅटरी फुगली, पडली, पुराच्या पाण्यात बुडाली, तिला गोडसर उग्र वास येऊ लागला, तर ती पुन्हा चार्ज करायची नाही, सुकली तरी नाही. कोकणात पावसाळ्यात कंट्रोलरच्या वायरींना खाली झोळ ठेवायचा, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता टपकते.

एवढे सगळे सामान्य माणसाने सांभाळावे आणि व्यवस्थेने बघत राहावे, हे मात्र न्याय्य नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत असेल, तर अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. सवलत योग्य आहे, पण तिला अट आहे. अधिकृत चाचणी संस्थेने ते तपासलेले हवे. कंपनी आपले मॉडेल अशा संस्थेकडे नेऊ शकते. धायरीतला भाचा रविवारी जोडलेली एक सायकल कुठे नेणार? २०२२ मधल्या ई-स्कूटरच्या आगींनंतर वाहनांच्या बॅटऱ्यांचे निकष कडक झाले, ते चांगलेच झाले. सुटी विकली जाणारी, डब्यावर बनवणाऱ्याचे नाव नसलेली बॅटरी मात्र त्या जाळ्यातून निसटते. घरी जोडणाऱ्यांवर बंदी घालून काही साधणार नाही. ते जोडतच राहतील, फक्त आणखी स्वस्त बॅटरी घेऊन. अंकुश हवा तो सुट्या बॅटरीच्या आणि चार्जरच्या विक्रीवर. बनवणाऱ्याचे नाव, सेल नवे असल्याची हमी आणि जोडीच्या चार्जरचे व्होल्ट ठळक छापलेले असल्याशिवाय ती विकताच येऊ नये. आयटीआयच्या विद्यार्थ्यांना या जोडणीचे शिक्षण द्यायला फार मोठी तरतूद लागणार नाही. ती मुले हे काम तसेही करतच आहेत.

मामांच्या सायकलीचे काय झाले, ते सांगायला हवे. भाच्याने पाचशे वॅटची मोटर ठरवली होती, ‘जरा दमदार हवी’ म्हणून. ती अडीचशेवर आली. मूठ काढून ठेवली. नवे ब्रेक बसले, सीट दोन बोटे वर गेली आणि पहिल्याच दिवशी मामांनी ती पुन्हा खाली करून घेतली. ओळखीतून निम्म्या किमतीत मिळणारी बॅटरी परत गेली. नावाची, फॉस्फेटची बॅटरी दिवाळीच्या बोनसनंतर घ्यायची आहे. तोवर मोटरचे चाक लावलेली, बॅटरी नसलेली सायकल मामा रविवारी नांदेड सिटीपर्यंत नेऊन आणतात. जड लागते म्हणतात, पण नेतात. खोळंबा वेगळाच आहे. बॅटरी घरात चार्ज करायची नाही म्हटल्यावर पार्किंगमध्ये एक प्लग हवा, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी अजून परवानगी दिलेली नाही. एकाला दिली तर उद्या सगळे मागतील, असे त्यांचे म्हणणे आहे.